दहा बाय बाराच्या खोलीत गाणं नीट ऐकायचं असेल तर

आपल्याकडं पुढची खोली साधारण दहा बाय बाराची. त्यातच पलंग, लोखंडी कपाट, धान्याची कोठी, भिंतीवर टीव्ही. आवास योजनेतलं घरकुल असेल तर स्वयंपाकाची जागा धरून अख्खं घरच किमान २५ चौरस मीटरचं धरलेलं असतं. अशा घरात कोणी हौसेनं मोठा होम थिएटर आणतो आणि महिन्याभरात माझ्याकडं येऊन सांगतो, "भाऊ, आवाज तं लय हाय, पण शब्दच समजत नाही."

राळेगाव तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी, हंगामात पंपाच्या, आणि मधल्या वेळात रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर. हा मधला वेळ मला सगळ्यात प्रिय. माझं मत आधीच सांगतो: खोली लहान असणं ही अडचण नाही. लहान खोलीत माणूस पेटीच्या, म्हणजे स्पीकरच्या, जवळ बसतो. जवळ बसलं की थोड्या वॅटमध्ये, थोड्या पैशात गवयाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. बिघडतं ते दोन कारणांनी. पेटी खोलीच्या मानानं मोठी असते, नाहीतर घरातली लाईन, म्हणजे वीज, धड नसते.

आधी लाईन

कुठलीही वस्तू आणण्याआधी मल्टिमीटरनं घरातलं व्होल्टेज मोजा. सकाळी मोजा, संध्याकाळी सात-आठला मोजा, शेतातले पंप चालू असताना मोजा आणि मध्यरात्री एकदा मोजा. कागदावर २३० असतं, पण लाईनच्या शेवटच्या टोकावरच्या घरात संध्याकाळी १७०-१८० दिसतं आणि रात्री लोड उतरला की २५० च्या वर जातं. कमी व्होल्टेजनं टीव्ही-रेडिओसारखी वस्तू सहसा जळत नाही, फक्त काम नीट करत नाही. खरा घात होतो डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल सुटला की. मग वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांतून जोडली जातात आणि ज्याच्या घरात लोड कमी, त्याच्याकडं व्होल्टेज ३०० च्या वर चढतं. बल्ब, टीव्ही, सेटटॉप बॉक्स, जे चालू असेल ते जातं. म्हणून पहिला खर्च ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टरचा करा. एमसीबीच्या डब्यात बसणारा, व्होल्टेज २७० च्या आसपास गेलं की स्वतःहून तोडणारा आणि लाईन सुधारली की थोडा थांबून जोडणारा. स्टॅबिलायझर नंतर जमला तर बघू.

अर्थिंगकडं आपल्या भागात फार दुर्लक्ष होतं. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग चांगलं मिळतं, पण एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते आणि रॉडभोवती पोकळी पडते. कोळसा-मीठ घालून खड्डा केला असेल तर उन्हाळ्यात त्यात दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता. नवीन करत असाल तर रॉडभोवती बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरून घ्या, ते ओल धरून ठेवतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जाणकाराकडून मीटर लावून पाहा. दोन-चार व्होल्टच्या वर आकडा असेल तर वायरमन बोलवा. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो म्हणून पिनचा अर्थ तोडणारे खूप भेटतात. तसं कधीही करू नका, तो अर्थ तुमच्या लेकराच्या जिवासाठी आहे. घुमणं थांबवायचं तर अ‍ॅम्प, टीव्ही, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डावरून घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. तरी उरलं तर डिशची केबल काढून पाहा, बऱ्याचदा दोष तिथून आलेला असतो.

पंख्याचा रेग्युलेटरही तपासा. गोल फिरवायचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल, तर पंखा कमी केल्याबरोबर स्पीकरमध्ये चर्रर्र ऐकू येतं. टप्प्याटप्प्यानं फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर लावला की तो त्रास जातो. कूलर वेगळ्या बोर्डावर ठेवा.

मृगाच्या आधीच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात ढग गरजायला लागले की पिन उपसा आणि डिशची केबलही वेगळी करा. विजेपुढं कुठला प्रोटेक्टर टिकत नाही. स्विच बंद करून भागत नाही, पिनच बाहेर पाहिजे.

अ‍ॅम्प लहान, अ‍ॅडॅप्टर बाहेर

जुन्या पद्धतीचे जड ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅम्प मला फार आवडतात, मी ते रोज दुरुस्त करतो. पण गावातल्या घरासाठी सांगताना मी क्लास डी प्रकारचा लहान अ‍ॅम्पच सांगतो, ज्याचा पॉवर अ‍ॅडॅप्टर वेगळा, बाहेर असतो. कारण सरळ आहे. ट्रान्सफॉर्मरवाल्याला १७० व्होल्ट मिळाले की आतलं व्होल्टेजही त्याच हिशेबात पडतं आणि तबला जोरात वाजला की आवाज फाटतो. अ‍ॅडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर त्याला १७० चं काही वाटत नाही, तो पुढं तेवढेच २४ व्होल्ट देतो. आणि लाईननं घात केलाच तर बहुधा अ‍ॅडॅप्टर जातो, अ‍ॅम्प वाचतो. अ‍ॅडॅप्टर बदलणं स्वस्त पडतं.

दुसरा फायदा आपल्यासाठी याहून मोठा. टीपीए ३११६ सारख्या चिपवर बनलेले अ‍ॅम्प ४.५ पासून २६ व्होल्टपर्यंत चालतात. म्हणजे ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालतात. फवारणीच्या पंपात असते तशी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी मध्यम आवाजात अख्खी संध्याकाळ काढते. बॅटरीजवळ तीन अँपिअरचा फ्यूज घाला आणि प्लस-मायनस दोनदा तपासून मगच जोडा. बॅटरी मात्र नवीन, वेगळी घ्या. पंपातलीच काढून घरात आणू नका. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आपण पाहिलं आहे. औषधाचा अंश लागलेली वस्तू झोपायच्या खोलीत नको.

बॅटरीवर ८ ओहमच्या पेटीला साधारण आठ वॅट मिळतात. आठ वॅट ऐकून लोक नाक मुरडतात, कारण डब्यावर हजारांत पीएमपीओ वाचायची सवय लागलेली असते. पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, त्याला काही अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, विचारा. पेटीची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल असेल, तर एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. आठ वॅट म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे ९५. पाच-सहा फुटांवर बसलेल्या माणसाला तो पुरून उरतो. लाईन गेलेली असते, पंखा बंद, फ्रीज बंद, शेजाऱ्याचा टीव्ही बंद, आणि त्या शांततेत बॅटरीवर तानपुरा लावून पाहा. इतकं स्वच्छ गाणं लाईन असताना ऐकू येत नाही.

इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का पाहा. स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅडॅप्टर चालतो, पण ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प गुरगुरतो आणि तापतो.

पेटी कोणती

चार किंवा पाच इंची वूफर (खालचे स्वर देणारा मोठा पडदा) आणि एक ट्वीटर (वरचे स्वर देणारा लहान) असलेल्या दोन लहान पेट्या. बस. आत अ‍ॅम्प असलेल्या पेट्या दिसायला सोयीच्या असतात, पण त्यांचं बोर्ड गेलं की गावात कोणाकडं सुटा भाग मिळत नाही आणि चांगली पेटी माळ्यावर जाते. साध्या पेट्या, वेगळा अ‍ॅम्प, मधे तांब्याची वायर. यातलं काहीही बिघडलं तर तेवढंच बदलता येतं. वूफरच्या कडेची गोल पट्टी रबराची पाहिजे. फोमची काही वर्षांत भुगा होऊन गळते. आपला ४५ अंशांचा उन्हाळा तिला आणखीच लवकर खातो.

"भाऊ, बेस तं पायजेच ना!" हे वाक्य मी रोज ऐकतो. त्याला माझं उत्तर असं. खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर अडकून घुमतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर घुमतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपासचा. छतही दहा फुटांवर असेल तर तोच ५६ पुन्हा, दुप्पट जोरानं. मोठी पेटी किंवा सबवूफर नेमका हाच भाग ढकलतो. मग प्रत्येक ठोक्याला सारखाच बुंऽऽ येतो, डग्ग्याचा मींड कळत नाही आणि शब्द बुडतात. पाच इंची पेटी तिथं पोचेपर्यंत आपोआप हळू होते, म्हणून लहान खोलीत तिचाच डग्गा स्वच्छ लागतो. दहा बाय दहाची चौकोनी खोली असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा.

घेण्याआधी ऐका. नागपूरला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलात तर आपलं नेहमीचं गाणं मोबाइलमध्ये घेऊन जा आणि तेच लावायला सांगा, दुकानदाराचं नव्हे. मी दोन गोष्टी ऐकतो. एक, मूर्तिजापूरच्या मातीतले वसंतराव देशपांडे. त्यांची वेगवान तान पेटीतून येताना दाणा दाणा सुटा लागला पाहिजे, चिकटला तर पेटी परत. दुसरी, खंजेरीचं भजन. तुकडोजी महाराजांमुळं आपल्या कानांना खंजेरी जन्मापासून माहीत आहे. तिच्या झांजा ट्वीटरमधून पत्र्यासारख्या वाजल्या तर आपल्याला कोणी फसवू शकत नाही.

मांडणी, म्हणजे निम्मं काम

आता टेप घ्या. दहा फुटी भिंतीकडं पेट्या, त्यांचं तोंड खोलीच्या लांबीकडं. दोन पेट्यांत सहा फूट, म्हणजे बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट. पेटीचं तोंड मागच्या भिंतीपासून पावणेदोन फूट पुढं. ऐकणारा दोन्ही पेट्यांपासून सहा-सहा फुटांवर, म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या. असं केलं की तुम्ही समोरच्या भिंतीपासून सुमारे सात फुटांवर येता आणि पाठीमागं पाच फूट उरतात. हे मुद्दाम आहे. लांबीच्या बरोबर मध्यावर, सहा फुटांवर, तो ४७ हर्ट्‌झवाला स्वर जवळजवळ नाहीसा होतो, आणि पाठ भिंतीला टेकवून बसलात तर तोच अंगावर येतो. एक फूट पुढं-मागं सरकून स्वतःच ऐका, खर्चाशिवाय मिळणारी एवढी मोठी सुधारणा दुसरी नाही.

घरात पावणेदोन फूट जागा कायम अडवता येत नाही हे मला ठाऊक आहे. पेट्या दिवसभर भिंतीला लावून ठेवा, ऐकताना पुढं ओढा, आणि फरशीवर रंगाच्या चार लहान खुणा करा म्हणजे रोज मोजावं लागणार नाही. सरकवणं अजिबात शक्य नसेल तर मागं भोक नसलेली, बंद किंवा पुढं पोर्ट असलेली पेटी घ्या.

उंचीचा हिशेब परदेशी पुस्तकाचा चालत नाही. तिकडं माणूस सोफ्यावर बसतो, आपण सतरंजीवर. ट्वीटर कानाच्या उंचीवर पाहिजे. तुम्ही ज्या ठिकाणी बसता तिथं बसा आणि घरच्या कोणाला तरी जमिनीपासून कानापर्यंत मोजायला सांगा. खाली बसणाऱ्या मोठ्या माणसाचं ते सत्तावीस-अठ्ठावीस इंच येतं, पलंगावर बसणाऱ्याचं चव्वेचाळीसच्या पुढं. त्यातून पेटीतली ट्वीटरची उंची वजा करा, उरलं ते स्टँड. सुताराकडून जाड लाकडाचे दोन स्टूल करून घ्या, नाहीतर विटा रचून वर फरशीचा तुकडा ठेवा. विटांचा स्टँड हलत नाही आणि तेच महत्त्वाचं. पेटीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे. पेटी कधीही थेट जमिनीवर नको. सारवणाची ओल आणि उधई दोन्ही पेटीच्या एमडीएफला (दाबलेल्या भुशाच्या फळीला) खातात. लोखंडी कपाटावर तर मुळीच नको, कपाटच वाजायला लागतं.

वायर साधी तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची, घरच्या वायरिंगच्या दुकानातली. पाच मीटरला तिचा जाऊन-येऊन रोध ०.१२ ओहमच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. महागड्या वायरचे पैसे पेटीत घाला. लाल ते लाल, काळा ते काळा. खात्री करायची तर अ‍ॅम्पकडचं टोक काढून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर लावा, प्लस लालला. दोन्ही पेट्यांचे पडदे बाहेरच्या बाजूला सरकले पाहिजेत. एक आत गेला तर वायर उलटी आहे. उलट्या वायरची दुसरी ओळख अशी की आकाशवाणीचा निवेदक मधोमध उभा न राहता खोलीभर पसरतो.

मोबाइल जोडताना ब्लूटूथ चालेल, पण बसून ऐकायचं असेल तेव्हा यूएसबी-सी वरून लहान डॅक (मोबाइलमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी डबी) आणि तिथून अ‍ॅम्पला वायर. मोबाइलचा आवाज पूर्ण, कमी-जास्त अ‍ॅम्पवरून. रेडिओप्रेमींसाठी एक गोष्ट: नागपूरचं मध्यम लहरींवरचं ५८५ किलोहर्ट्‌झ स्टेशन ऐकत असाल, तर रेडिओ त्या अ‍ॅडॅप्टरपासून आणि एलईडी बल्बपासून लांब ठेवा, नाहीतर खरखर येते.

भिंती, कापूस आणि डबे

खोलीच्या मधोमध उभे राहून जोरात टाळी वाजवा. मागून झिंग असा आवाज आला तर भिंती गुळगुळीत सिमेंटच्या आणि मोकळ्या आहेत. जुन्या मातीच्या घरात हे फार कमी होतं. भिंत ओबडधोबड, खाली सारवण, वर कौलं, आवाज विखुरतो. ज्यांनी मातीची खोली अजून पाडली नाही त्यांनी ऐकण्याची जागा तिथंच करावी. वर टिनपत्रा असेल तर हुकाचे नट आणि वॉशर घट्ट करून घ्या, डग्ग्याबरोबर पत्रा बोलतो.

सिमेंटच्या खोलीला उपाय आपल्याच शेतात पिकतो. आवाज शोषायला शहरात लोक महागडे फोम विकत घेतात. पण जाड भरलेला कापूस मधला आणि वरचा आवाज तितकाच छान शोषतो. दोन बाय चार फुटांची, चार इंच खोल लाकडी चौकट करा. गादी भरणाऱ्याकडून पिंजलेला जुना कापूस त्यात सैल भरून वर मांजरपाट ताणून शिवून घ्या. दाबून भरू नका, हवा खेळली पाहिजे. भिंतीपासून तीन-चार इंच सोडून टांगा, म्हणजे आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करतो. जागा कुठली? तुम्ही ऐकायच्या जागी बसा, दुसऱ्यानं लहान आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवावा. जिथं आरशात ट्वीटर दिसेल तिथं चौकट. दुसऱ्या भिंतीला तशीच दुसरी. चौकट करायची नसेल तर तिथं आईच्या हातची दुहेरी गोधडी टांगा. कापूस पेट घेतो, त्यामुळं समई, उदबत्ती, बिडी आणि उघडा बोर्ड यापासून चौकट दूर.

वेचणीच्या दिवसांत खोलीतच कापूस भरलेला असतो तेव्हा ही चौकट काढून ठेवा. ढिगाऱ्यानं आवाज आधीच शोषला जातो, चौकटीसकट ऐकलं तर गाणं मेलेलं वाटतं. गाडी जिनिंगला गेली की चौकटी परत लावा.

रिकामी कोठी भरल्या कोठीपेक्षा जास्त वाजते. मांडणीवरची पितळी भांडी, देव्हाऱ्यातली घंटी, फोटोच्या काचा सगळं वाजतं. मोबाइलवर टोन जनरेटर घेऊन ४० हर्ट्‌झपासून २०० पर्यंत हळूहळू सरकवा, एकजण खोलीत फिरत हात लावत जाईल. ज्याला हात लावल्यावर आवाज थांबला त्याखाली कापडाची घडी. तासाभराचं काम आहे आणि मुलं हे फार आनंदानं करतात.

बारा महिने सांभाळणं

अ‍ॅम्पच्या वर आणि बाजूंना चार बोटं मोकळी ठेवा, काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला हिशेब आहे, आणि मे महिन्यात खोलीच ४० ची असते. कूलरची ओली हवा पेटीवर येऊ देऊ नका, कागदी पडदा फुगतो. उन्हाळ्यात मी ऐकायची वेळ पहाटे पाचची धरतो. कूलर बंद असतो आणि बारीक मुरक्या कानापर्यंत पोचतात. रात्री दहानंतर तर कायद्यानं राहत्या वस्तीत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण जवळ बसून ऐकणाऱ्याला आवाज मोठा करावाच लागत नाही.

पेटीच्या पोर्टमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते. पोर्ट बंद झाला की खालचा आवाज जातो आणि माणूस वूफर बदलायला निघतो. पोर्टच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा लावा. सोयाबीनच्या मळणीत धुळीनं पेटी भरते, तेव्हा झाकून ठेवा. उंदरांसाठी वायर पट्टीतून न्या. वर्षातून एकदा, पाऊस सरला की, वायरची टोकं काढून पाहा. काळी पडलेली असतील तर अर्धा इंच कापून नव्यानं सोला, नीट पीळ द्या आणि स्क्रू आवळा.